बॉयलर का गातो?

आपल्याकडे अंघोळीचे पाणी बंबात किंवा गीझरमध्ये तापवतात. इंग्लंडमधील बहुसंख्य घरांत मात्र त्यासाठी गॅसचा बॉयलर असतो. तो नळाचे पाणी तापवतोच, शिवाय खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घरही उबदार ठेवतो. लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा गेल्या हिवाळ्यात फोन आला. "सर, आमचा बॉयलर चहाच्या किटलीसारखा गातो. पण तापमापक तर ७० अंशच दाखवतो. पाणी उकळत नाही, मग हा आवाज कसला?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच मिळते. घरातील मोठ्या माणसांना सोबत घेऊन पातेलेभर पाणी शेगडीवर ठेवा आणि जरा दूर उभे राहून ऐका. आधी पाण्यात विरघळलेल्या हवेचे बारीक बुडबुडे निमूटपणे वर येतात. नंतर "सूंऽऽ" असा आवाज सुरू होऊन वाढत जातो. गंमत अशी की पाणी उकळण्याच्या बेतात आले की तो मंदावतो आणि मग खळखळ ऐकू येते.

असे का होते? पातेल्याचा तळ सर्वांत तप्त असतो. तेथील पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात. ते वरच्या थंड पाण्यात शिरताच आतील वाफेचे पुन्हा पाणी होते. वाफेचे पाणी होताना तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी घटते! रिकाम्या झालेल्या जागेत चोहोबाजूंनी पाणी धाव घेते आणि एक सूक्ष्म टिचकी वाजते. अशा असंख्य टिचक्या मिळून पाण्याचे गाणे होते. सगळे पाणी पुरेसे तापले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत पोचतात, म्हणून आवाज उतरतो. किटलीच्या आवाजाचा हा खुलासा ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी केला होता. तो वाचूनच लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित मांडले आणि १९१७ साली प्रसिद्ध केले. जहाजांच्या पंख्यांची पाती बुडबुड्यांमुळे का झिजतात, हेही त्याच गणिताने समजते.

आता बॉयलरकडे वळू. आग्नेय इंग्लंडात खडूच्या खडकाचे थर पसरलेले आहेत. त्यांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असते, म्हणून ते जड असते. असे पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धातूवर बसतो. बंद नळ्यांत फिरणाऱ्या पाण्यात रेडिएटरच्या गंजाचा काळा गाळही साचतो. चुन्याच्या थराची उष्णतावाहकता तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यामुळे धातूची उष्णता पाण्याला नीट मिळत नाही आणि धातू अधिकच तापतो. थराच्या भेगांत अडकलेले पाणी वाहून जात नाही. ते जागच्या जागी उकळते आणि त्याचे बुडबुडे ७० अंशांच्या पाण्यात येऊन मिटतात. तापमापक वाहत्या पाण्याचे तापमान सांगतो, भेगेतल्या पाण्याचे नव्हे! म्हणजे तापमापकही खरा आणि कानही खरा. या दोषाने गॅस वाया जातो, बॉयलर लवकर झिजतो. आतील थर व गाळ काढून घेणे हा त्यावरचा उपाय.

"आणखी काही आवाज येतात का?" मी विचारले. रेडिएटरमध्ये गुडगुड होत असेल, तर आत हवा अडकलेली असते. नळ्या टकटक वाजत असतील, तर ते प्रसरण होय. तांब्याची १० मीटर लांब नळी ५० अंशांनी तापली, की सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते आणि आधारावर घासते.

तो सहज म्हणाला, "सकाळी पेटताना कधीकधी धप्प असा आवाज होतो."

मी त्याला तेथेच थांबवले. गॅस येताक्षणी पेटला नाही, तर तो साचतो आणि मग एकदम भडकतो. तो धप्प आवाज म्हणजे लहानसा स्फोटच. गाणे चार दिवस थांबू शकते, हा आवाज नाही. त्याने बॉयलर लगेच बंद केला आणि मान्यताप्राप्त कारागिराला बोलावले. बर्नर चोंदलेला निघाला. ब्रिटनमध्ये असे काम नोंदणीकृत कारागिरानेच करावे असा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बॉयलरचा सर्वांत घातक दोष आवाजच करत नाही! हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. पिवळी ज्योत, काजळीचे डाग, डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही त्याची चिन्हे. अशा वेळी गॅस बंद करून ताबडतोब मोकळ्या हवेत जावे व डॉक्टरांना गाठावे.

आपल्याकडेही बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने बळी घेतल्याच्या बातम्या येतात. तुमच्या घरी गॅस गीझर असेल, तर तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवला आहे का, हे आजच पाहा. नसेल, तर वडीलधाऱ्यांना सांगा. यंत्राचे गाणे जरूर ऐकावे. पण ते गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये.