हद्दपारीतली कृपा

ज्याचं घरदार, देश, देऊळ गेलं त्याच्यावर देव रुसला आणि ज्याचं वाचलं त्याच्यावर प्रसन्न झाला, असा हिशेब माणूस सहज मांडतो. यहुद्यांच्या धर्मग्रंथाने हा हिशेब उलटा केला, आणि तोही राष्ट्राच्या सर्वांत वाईट काळात.

काय घडलं होतं

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमला वेढा घातला. यहुदाचा तरुण राजा यहोयाखीन शरण गेला. त्याला, त्याच्या आईला, सरदारांना आणि कारागिरांना बाबेलला नेण्यात आलं. दुसरे राजे या ग्रंथात दहा हजारांचा आकडा येतो. पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास शहर पडलं, शलमोनाचं मंदिर जाळलं गेलं आणि आणखी लोक नेले गेले.

अंजिरांच्या दोन टोपल्या

पहिल्या हद्दपारीनंतर मागे राहिलेल्यांना वाटलं, आपण वाचलो म्हणजे आपणच देवाचे. त्याच काळात यिर्मया संदेष्ट्याला मंदिरासमोर अंजिरांच्या दोन टोपल्या दिसल्या. एकीत उत्तम फळं होती, दुसरीत तोंडात घालवणार नाहीत अशी नासकी. उत्तम अंजीर म्हणजे बाबेलला नेलेले लोक, असा त्याने अर्थ सांगितला. नासके अंजीर म्हणजे यरुशलेमात सुखरूप उरलेला नवा राजा सिद्कीया आणि त्याचे सरदार. भर राजधानीत हे बोलायला केवढं धैर्य लागलं असेल!

हद्दपारी ही पापाची शिक्षा आहे, हे यिर्मया कुठेच नाकारत नाही. नेलेले लोक जास्त पुण्यवान होते, असंही तो म्हणत नाही. शिक्षा भोगणाऱ्यांवरच देवाने दृष्टी ठेवली आहे, एवढंच तो सांगतो. मला ही या ग्रंथातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

खबार नदीकाठी

बंदिवानांमधला यहेज्केल हा याजक कुळातला. मंदिर शेकडो कोस मागे राहिलेलं, म्हणजे जन्माने मिळालेलं काम गेलं. हद्दपारीच्या पाचव्या वर्षी, बाबेलच्या खबार नदीकाठी, त्याला देवाचं सिंहासन दिसलं. त्या सिंहासनाला चाकं होती आणि ती चारही दिशांना जात होती. देवाचं तेज मंदिराशी बांधलेलं नाही, परमुलखातल्या नदीकाठापर्यंतही ते येतं, हे त्या दर्शनाने बंदिवानांना कळलं. पुढे अकराव्या अध्यायात तर, परदेशात मी स्वतःच त्यांचं लहानसं पवित्रस्थान झालो, असं देव म्हणतो.

शोक करायला मुभा

कृपा आहे म्हणून रडायचं नाही, अशी सक्ती या ग्रंथात नाही. विलापगीत हा पाच शोककाव्यांचा ग्रंथ. पहिली चार काव्यं हिब्रूच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. जणू दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोलून घ्यायचं. दयेवरचा भरवसा ग्रंथाच्या मधोमध, तिसऱ्या काव्यात येतो. शेवटी मात्र, तू आम्हाला कायमचं टाकलंस का, ही शंका तशीच उभी राहते. मंदिराच्या नाशाच्या स्मरणार्थ आपल्या पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला यहुदी हाच ग्रंथ वाचतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली समाजात या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ असं जुनं नाव आहे.

राजाचा शिधा

हद्दपारीच्या सदतिसाव्या वर्षी यहोयाखीनला तुरुंगातून सोडलं गेलं आणि बाबेलच्या राजाच्या पंगतीला बसवलं गेलं, या नोंदीवर राजे ग्रंथ संपतो. बाबेलच्या उत्खननात त्याच्या बंदिवासाचा पुरावाही मिळाला. शिध्याच्या हिशेबाच्या मातीच्या पाट्यांवर यहुदाच्या या राजाचं आणि त्याच्या पाच मुलांचं तेल नोंदलेलं आहे. राज्य परत मिळालं नाही, पण वंश टिकला. बंदिवासात टिकून राहणं हीसुद्धा कृपाच, असं या ग्रंथकाराला वाटत असावं.

यिर्मयाचं पत्र

पहिल्या हद्दपारीनंतरच्या दिवसांत हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. ऐकायला गोड असलेलं हे भाकीत यिर्मयाने खोटं ठरवलं. बंदिवानांना त्याने पत्र पाठवलं: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या शहरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्या शत्रूने मंदिराची लूट केली त्याच्याच शहरासाठी! सुटकेला सत्तर वर्षं लागतील, हेही त्याने लिहिलं. पारसाचा राजा कोरेश याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतलं आणि परतीची परवानगी दिली. नवं मंदिर इ.स.पू. ५१५ च्या सुमारास पूर्ण झालं. पत्र ऐकलेल्यांपैकी बहुतेक तोवर बाबेलच्या मातीत गेलेले असणार.

याच पत्रात, यिर्मयाच्या २९ व्या अध्यायाच्या ११ व्या वचनात, देवाच्या मनात तुमच्या हिताचेच विचार आहेत असं आश्वासन आहे. ते आज भेटकार्डांवर आणि भिंतींवर एकटंच छापलेलं दिसतं. ते वाचताना त्याच्या आधीचं, सत्तर वर्षांचं १० वं वचनही अवश्य वाचा.