राऊटर का दमतो?

होस्टेलच्या जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलंत, व्हीपीएन सुरू केलंत आणि नेट रांगायला लागलं? नेटवाल्याला शिव्या घालण्याआधी थांबा. व्हीपीएनचा बोगदा म्हणजे पाकिटात पाकीट. ओपनव्हीपीएन एरवी कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या बाहेर चालतं. प्रत्येक पाकीट बाहेर न्या, कुलूपबंद करा, पुन्हा आत आणा. या हेलपाट्यांतच स्वस्तातला प्रोसेसर दमतो. वायरगार्ड हे सगळं गाभ्यातच उरकतं. लिनक्समध्ये ते २०२० साली, ५.६ आवृत्तीत आलं. त्याचं एन्क्रिप्शन ‘चाचा-२०’ (नावावर जाऊ नका!) खास हार्डवेअर नसलेल्या चिपवरही सुसाट पळतं. मात्र बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी बाहेरचं पाकीट उघडलं जातंच. तुम्ही कुठल्या साइटवर जाताय, ते तिथे दिसतं. तो सर्व्हर कुणाचा, हे फुकटचं व्हीपीएन घेताना आधी बघा.