महाग वायरीने आवाज गोड होतो काय?

विहिरीवर मोटर बसवताना बारीक वायर टाकली तर काय होते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. खांबापासून विहीर लांब असली की वाटेतच दाब पडतो. मोटर गुरगुरते, तापते आणि एखाद्या दिवशी जळून बसते. पुरेशी जाड वायर टाकली की ती सुरळीत चालते. पण त्याहून दहापट किमतीची, चकचकीत वेष्टनातली वायर टाकली, तर विहिरीचे पाणी अधिक गोड लागेल काय?

भजनी मंडळासाठी किंवा घरासाठी स्पीकर घ्यायला शहरात गेलात, तर हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो. दुकानदार म्हणतो, ‘‘स्पीकर एवढा चांगला घेतलात, मग वायरही तशीच घ्या. आवाज खुलतो.’’ मंडळाची वर्गणी घामाची असते. तेव्हा हे खरे किती, ते पाहू या.

याचा छडा अमेरिकेत लावला गेला. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली एका जोडणीयंत्राची माहिती प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्याला आधी ‘अ’ ऐकवायचा, मग ‘ब’. त्यानंतर या दोहोंपैकी कोणते तरी एक यंत्रच निवडते आणि ते कोणते हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. उत्तर शेजारी बसलेल्यालाही ठाऊक नसते. असे सोळा वेळा केले आणि बारा वेळा बरोबर ओळखले, तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला जागा आहे. कारण नुसत्या अंदाजाने एवढे जमण्याची शक्यता शंभरात चारांहूनही कमी असते.

१९८३ साली ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी तीन वायरींची परीक्षा छापली. दोन स्पीकरसाठी तीस तीस फूट वायर घ्यायची, तर नावाजलेल्या खास वायरीला ५५ डॉलर पडत. १६ गेजच्या साध्या दिव्याच्या वायरीला १८ डॉलर आणि २४ गेजच्या अगदी बारीक वायरीला एक डॉलर ८० सेंट. निकाल काय लागला? बारीक वायर कमी प्रतीची ठरली. पण दिव्याची जाड वायर आणि ५५ डॉलरची खास वायर यांतला फरक गाणे ऐकताना कुणाला ओळखता आला नाही.

याचे कारण सरळ आहे. तीस फुटांच्या जाण्यायेण्यात बारीक वायरीचा अडथळा सुमारे दीड ओहम होतो, तर १६ गेजच्या वायरीचा पाव ओहम. स्पीकर स्वतः आठ ओहमचा असतो. दीड ओहम त्याला जाणवतो, पाव ओहम फारसा जाणवत नाही. मोटरीचेच गणित आहे हे!

१९८७ साली त्याच मासिकाने अ‍ॅम्प्लिफायरांची परीक्षा घेतली. सुमारे दोनशे डॉलरपासून बारा हजार डॉलरपर्यंतची यंत्रे त्यात होती. आवाजाची पातळी सारखी ठेवल्यावर जाणकारांची उत्तरे छापा-काटा केल्यासारखीच निघाली.

मग महाग वस्तूचा आवाज गोड का वाटतो? लोक खोटे बोलतात असे मुळीच नाही. कानाबरोबर डोळाही ऐकत असतो. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस जणांना चार स्पीकर आधी पडद्याआडून आणि नंतर दाखवून ऐकवले. दिसू लागताच मोठ्या, देखण्या स्पीकरला गुण वाढले आणि लहान, स्वस्ताला घटले. शिवाय थोडा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. दुकानात तेवढे बटण फिरवले की काम झाले!

म्हणून सगळेच सारखे, असेही समजू नका. स्पीकरा-स्पीकरांत मोठा फरक असतो आणि तो पडद्याआडूनही कळतो. पत्र्याची खोली आणि गोधड्या-गाद्यांची खोली यांत तोच स्पीकर वेगळा वाजतो. माइकची वायर मात्र जाळीच्या आवरणाचीच हवी, नाहीतर विजेच्या तारांची घरघर तिच्यात शिरते. सांधे सैल किंवा गंजलेले असले तरी आवाज तुटतो.

तेव्हा दहा मीटरपर्यंत तांब्याची दीडची वायर घ्या, त्याहून लांब असेल तर अडीचची. टोके घट्ट आवळा. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरात घाला.

आणि तरीही शंका असेल तर घरीच परीक्षा घ्या. धाकट्याला मध्ये चादर धरून पलीकडे बसवा. नाणे उडवून त्याने वायर बदलावी किंवा तशीच ठेवावी, पण दर वेळी काढून पुन्हा जोडावी आणि वहीत नोंद करावी. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. तुम्ही सोळा वेळा उत्तर सांगा आणि शेवटी वही उघडा. बारा बरोबर आली तर वायर जरूर घ्या. आठ-नऊ आली तर ते पैसे मुलांच्या वह्यापुस्तकांना होतील. दुकानदाराचे ऐकण्यापेक्षा आपल्या कानांचे ऐकावे, पण डोळ्यांवर चादर धरून!