ढोलावरचा हात पुसट का येतो?

पहिला डीएसएलआर कॅमेरा हाती आला, की अनेक पुणेकरांची खरी परीक्षा विसर्जन मिरवणुकीत होते. सायंकाळी लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकाचे छायाचित्र टिपावे, तर वादकांचे हात पुसट उमटतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो. मंद प्रकाशामुळे शटर अधिक काळ उघडे राहिलेले असते.

छायाचित्र किती उजळ यावे, हे तीन गोष्टी ठरवतात. भिंगाचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ. एकात बदल केला, की दुसऱ्यात भरपाई करावी लागते. शटर १/६० ऐवजी १/२५० सेकंद ठेवल्यास प्रकाश जवळपास एक चतुर्थांश उरतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारे १८-५५ मिमीचे भिंग ५५ मिमीवर साधारणतः एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. अशा वेळी आयएसओ ४०० वरून १६०० करणे हाच मार्ग राहतो.

त्यामुळे छायाचित्रात थोडे दाणे दिसतात; पण ते खपून जातात. हललेला क्षण मात्र नंतर सावरता येत नाही. मिरवणूक वर्षातून एकदाच निघते. शटरच्या वेगाचा सराव घरच्या फिरत्या पंख्यावर रोज करता येतो.