पडद्याबाहेरचा खेळ

डिसेंबर २०१६ मधली गोष्ट. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीच्या जागी बसलो होतो. बरोबर भाचा होता, बारावीतला. पाच मिनिटे बसला असेल नसेल, तोच उठला. हातातला मोबाइल समोर धरून दहा पावले चालला, थांबला, मागे वळला आणि पुन्हा चालू लागला.

"अरे, काय शोधतोयस?"

"मामा, इथेच कुठेतरी आहे. तू बस, मी आलोच."

तो गेला तो पाऊण तासाने, घामाघूम होऊन परतला. या मुलाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पिटाळायचे तरी माझ्या बहिणीला तीनतीनदा हाका माराव्या लागत. आज त्याने मैदानाला किती फेऱ्या घातल्या, याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि थक्क झालो.

तो 'पोकेमॉन गो' खेळत होता. ६ जुलै २०१६ रोजी हा खेळ अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आला आणि काही आठवड्यांत त्याने जगभरच्या पोरांना, आणि पोरांच्या आईबापांनाही, घराबाहेर काढले. भारतात तो रीतसर आला डिसेंबरच्या मध्यावर, रिलायन्स जिओशी हातमिळवणी करून. मोबाइलवर आपल्या परिसराचा नकाशा दिसतो. त्यात आपली छोटी आकृती आपल्याबरोबर चालते. वाटेत चित्रविचित्र प्राणी भेटतात, त्यांना पकडायचे. एवढाच खेळ. मग त्यात माणसे इतकी रंगून का जातात?

जाणकारांना विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. म्हणजे वाढीव वास्तव. समोरचे खरे जग तसेच ठेवायचे आणि त्यावर संगणकाने रचलेले काही चढवायचे. कल्पना जुनी आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाने डोक्यावर चढवायचे असे एक यंत्र केले होते. ते इतके जड होते की छताला टांगून ठेवावे लागे. 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हा शब्द रूढ झाला नव्वदच्या दशकाच्या आरंभी, बोइंग कंपनीत, आणि तोही खेळासाठी नव्हे; विमानातील तारांचे जंजाळ जुळवणाऱ्या कामगाराला कोणती तार कुठे जाते, हे डोळ्यांपुढेच दिसावे म्हणून. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये तिच्या तीन अटी मांडल्या : खरे आणि कृत्रिम एकत्र हवे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारे हवे आणि कृत्रिम वस्तू खऱ्या जागेत नेमकी बसलेली हवी. २००० साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठात 'एआरक्वेक' नावाचा खेळ तयार झाला, तेव्हा खेळणाऱ्याला संगणक पाठीवर वाहून न्यावा लागे. पुढे कॅमेरा, उपग्रहावरून जागा सांगणारे जीपीएस, फोन कुठे कलला हे ओळखणारा संवेदक असे सगळे सामान एका खिशात मावू लागले आणि खेळ रस्त्यावर आला.

मीही तेव्हा असेच समजत होतो, की गंमत त्या चित्रात आहे. समोरच्या बाकावर एक पिवळा उंदीर बसलेला दिसतो, याचेच पोरांना अप्रूप. पण आठवडाभरातच भाच्याच्या फोनवर मागचे मैदान दिसेनासे झाले. त्याने कॅमेरा बंद करून टाकला होता. "बॅटरी खातो, मामा. आणि त्याच्याशिवाय नेम नीट लागतो." पुढे कळले, की मुरलेले कितीतरी खेळाडू असेच करतात. ज्या करामतीसाठी खेळाचे एवढे नाव झाले, तीच गाळून माणसे खेळत होती आणि तरीही तितकीच रंगत होती!

याच्याही पुढचे उदाहरण आहे. २०१२ साली ब्रिटनमध्ये 'झॉम्बीज, रन!' नावाचा खेळ निघाला. लेखिका नेओमी आल्डरमन यांची गोष्ट, आणि खेळ पळणाऱ्यांसाठी. फोन खिशात, कानात आवाज. आवाज सांगतो, मागून झॉम्बी येताहेत, वेग वाढवा. बघायला काहीच नाही. पण एकटे पळताना मागून घरघर ऐकू आली, की रस्ता तोच असूनही बदलतो. पळायला तुमचे पाय, धपापायला तुमची छाती. उरलेले चित्र मन स्वतः काढते, आणि ते कुठल्याही चित्रकारापेक्षा भीतिदायक काढते.

मला वाटते, खरे मर्म इथे आहे. घरात बसून खेळायच्या खेळात आपण खुर्चीत असतो आणि आपला बाहुला पळतो. इथे आपण चाललो नाही, तर बाहुला चालत नाही. पोकेमॉनच्या खेळात अंडी मिळतात, ती उबवायला दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावे लागते. भरधाव गाडीतून गेलात, तर ते अंतर धरले जात नाही. पाण्यातले प्राणी पाण्याजवळ अधिक सापडतात. कांगास्खान नावाचा प्राणी आरंभी फक्त ऑस्ट्रेलियात मिळे. म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात, याला किंमत आहे. दुखणाऱ्या पोटऱ्या खऱ्या असल्या, की त्यांनी मिळवलेला खोटा प्राणीही निम्मा खरा वाटू लागतो.

यामागची माणसे पाहिली, तर हे योगायोगाने घडलेले नाही, हे ध्यानात येते. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे गोळा करण्यात गेले. गावाचे शहर झाले, शेतेतळी गेली, किडेही गेले. शहरातल्या मुलांना तो शोधाचा आनंद मिळावा, या ओढीतून त्यांचा १९९६ चा मूळ खेळ जन्मला. दुसरे, जॉन हँके. त्यांची 'कीहोल' ही नकाशांची कंपनी गूगलने २००४ मध्ये घेतली आणि तिच्यातून 'गूगल अर्थ' उभे राहिले. हँके यांनी पुढे काढलेल्या कंपनीचे नाव 'नायँटिक'. हे मुळात एका जहाजाचे नाव. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्यांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला आले, तिथेच किनाऱ्याला लागले, त्याचे गोदाम झाले आणि भराव पडत गेला तसे शहराच्या पोटात गडप झाले. लोक रोज त्यावरून चालतात आणि त्यांना पत्ता नसतो!

याच कंपनीने २०१२ मध्ये 'इनग्रेस' हा खेळ आणला. त्यातली ठाणी होती पुतळे, स्मृतिशिला, कारंजी, भिंतीवरची चित्रे. आणि त्यातली कितीतरी खेळाडूंनीच सुचवलेली. पोकेमॉनचे थांबे बव्हंशी त्याच यादीतून आले. किडे शोधणाऱ्या मुलाचे कुतूहल आणि नकाशा काढणाऱ्याची शिस्त, अशी ही जोडी आहे.

आता शोधाचे पाहा. पहिल्या दिवसांत, प्राणी किती लांब आहे, हे पावलांच्या ठशांनी कळे. एक ठसा म्हणजे जवळ, तीन म्हणजे दूर. काही आठवड्यांतच ती सोय बिघडली, सगळीकडे तीनच ठसे दिसू लागले आणि जुलै २०१६ च्या अखेरीस ती काढूनच टाकली. खेळाडू विलक्षण संतापले. प्राणी तेच होते, चित्रे तीच होती, फक्त माग काढणे गेले होते. लपंडावात कोणी सापडण्यापेक्षा सापडेल असे वाटण्यात गोडी असते, हे लहानपणी आपल्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

मग चित्र अगदीच निरुपयोगी का? तसेही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये काही आयफोनवर नवी सोय आली. प्राणी जमिनीवर एका जागी ठाम उभा राहू लागला. त्याच्याजवळ जाता येई, पण दबकत. घाई केली, की तो बिचकून पळून जाई. चकचकीत चित्राने डोळे दिपतात ते घटकाभर. तेच चित्र आपल्याला श्वास रोखून पाऊल टाकायला लावते, तेव्हा आपण त्यात सामील होतो. याउलट, त्याच कंपनीचा हॅरी पॉटरवरचा खेळ २०१९ मध्ये आला. त्यात खोलीच्या मधोमध दार उघडे, आपण आत पाऊल टाकावे आणि जादूच्या जगात पोचावे. देखणेपणात तो कुठेच कमी नव्हता, पुस्तकांचे चाहतेही जगभर होते. तरी ३१ जानेवारी २०२२ रोजी तो बंद झाला.

आणि माणसे. जून २०१७ पासून पोकेमॉनमध्ये 'रेड' आली. एखाद्या ठिकाणी ठरलेल्या वेळेला बलाढ्य प्राणी अवतरतो, तो एकट्याला आवरत नाही. भाचा पहिल्यांदा गेला, तेव्हा तिथे एक डॉक्टरीणबाई, दोन कॉलेजकुमार आणि ऑफिसातून परतणारा एक पन्नाशीचा गृहस्थ होता. चारचौघांत तोंड न उघडणारा आमचा मुलगा त्या सर्वांशी अर्धा तास बोलत होता. शहरात अनोळखी माणसाशी बोलायला काहीतरी निमित्त लागते. क्रिकेटचा स्कोअर हे एक, हे दुसरे.

हे सारे गोड गोड चित्र इथेच संपवता आले असते. पण जो खेळ रस्त्यावर येतो, त्याला रस्त्याचे सगळे प्रश्न चिकटतात. ऑगस्ट २०१६ मध्ये जपानच्या तोकुशिमा इथे गाडी चालवताना हा खेळ खेळणाऱ्या माणसाने एका वृद्धेचा जीव घेतला. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला, इथे खेळू नका, अशी विनवणी करावी लागली. आपल्याकडे खेळ रीतसर येण्यापूर्वीच, मंदिरांच्या जागी अंडी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली. कोणाच्याही दारात, देवळात, दफनभूमीत आपला खेळ मांडायचा परवाना या मंडळींना दिला कोणी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आमच्या घरातला प्रश्न याहून साधा होता. भाच्याची धाकटी बहीणही खेळू लागली. खेळ तोच, फोन तसाच. पण रात्री नऊला भाचा पार्कात आणि भाची खिडकीत. "मामा, त्याच्या नकाशात सगळी मुंबई आहे. माझ्या नकाशात दिवे असलेले रस्ते," असे ती एकदा म्हणाली आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. गावी गेल्यावर तर दोघांचेही नकाशे ओस पडत. यादी करणारेच शहरातले, तर खेड्यात ठाणी कुठून येणार?

याच वादाचे मोठे रूप २०२१ मध्ये दिसले. करोनाच्या काळात कंपनीने थांब्याजवळ जाण्याचे अंतर चाळीस मीटरवरून ऐंशी केले होते. अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते ऑगस्टमध्ये पुन्हा चाळीसवर आणले. लोकांनी चालावे, हा हेतू. पण चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूंनी, लहान मुलांच्या आईबापांनी ओरड केली : चाळीस मीटर तुमच्यासाठी चार पावले असतील, आमच्यासाठी तो वाहता रस्ता आहे. महिना संपायच्या आत कंपनीला ऐंशी मीटर कायम करावे लागले. एका आकड्याने कोण खेळात आणि कोण बाहेर, हे ठरत होते.

आणि ही जादू टिकते किती? डिसेंबर २०१६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील अभ्यासात अमेरिकेतील तरुण खेळाडूंची पावले मोजली होती. पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावले वाढली. सहाव्या आठवड्यात ती पूर्वपदावर आली. २०२५ मध्ये नायँटिकने हा खेळ 'स्कोप्ली' या कंपनीला विकून टाकला. आपल्या पावलांनी जिवंत झालेल्या नकाशाचा मालक असा परस्पर बदलतो. आपल्याला कोणी विचारत नाही.

भाचा आता नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. अधूनमधून खेळतो म्हणे. जाण्यापूर्वी एकदा मला घेऊन तो मागच्या गल्लीत गेला होता. "इथे थांबा आहे, बघ." फोनवर एका जुन्या दगडी प्याऊचा फोटो. मी मान वर केली. पन्नास वर्षे मी त्या रस्त्याने जातो. पानवाल्याच्या ताडपत्रीमागे तो प्याऊ उभा होता आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता. त्याला पाणी नाही. वरची कोरलेली अक्षरे रंगाखाली बुजली आहेत. भाच्याने फोन खिशात टाकला आणि आम्ही दोघेही ती अक्षरे लावत बराच वेळ तिथे उभे राहिलो.