फिजाक ते काओर : सेले नदीकाठचा सायकलमार्ग

फ्रान्समधला मिशलिनचा रस्त्यांचा नकाशा उघडला की तीन रंग नजरेत भरतात. लाल रस्ते ट्रकांचे आणि घाईतल्या माणसांचे. पिवळे रस्ते जिल्ह्यातली लहानमोठी शहरं जोडणारे. आणि पांढरे, केसासारखे बारीक रस्ते एका वाडीतून निघून दुसऱ्या वाडीत जाणारे. ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ ओढलेली असते, तो निसर्गरम्य समजायचा. तिथले सायकलस्वार कित्येक पिढ्या याच नकाशावर बोट फिरवून सहली ठरवत आले आहेत. लाल टाळायचा, पांढरा शोधायचा, पिवळा लागेल तेवढाच घ्यायचा, असा त्यांचा साधा हिशेब असतो.

हे पांढरे आणि पिवळे रस्ते आहेत तरी किती? फ्रान्समधल्या रस्त्यांची एकूण लांबी 11 लाख किलोमीटरच्या आसपास जाते. त्यातले सुमारे 98 टक्के रस्ते सरकारी महामार्गांत किंवा टोलच्या रस्त्यांत मोडत नाहीत. ते जिल्हा परिषदांच्या आणि गावांच्या ताब्यात आहेत. 1836 साली फ्रान्समध्ये एक कायदा झाला आणि आपल्या हद्दीतले गावरस्ते बांधून ते नीट राखण्याची जबाबदारी प्रत्येक गावावर आली. आज जिथे तीन घरं आणि एक गोठा उरलाय, तिथपर्यंतही डांबर पोचलेलं दिसतं, त्याचं मूळ या कायद्यात आहे.

रस्ते राहिले, माणसं मात्र गेली. नैर्ऋत्य फ्रान्समधला लॉट जिल्हा याचं ठळक उदाहरण आहे. 19व्या शतकाच्या मध्यावर या जिल्ह्याची लोकसंख्या तीन लाखांच्या घरात होती. 1870 च्या दशकात फिलोक्सेरा नावाच्या किडीनं द्राक्षमळे मुळापासून संपवले, आणि मळ्यांवर जगणारी कुटुंबं पॅरिसकडे, बोर्दोकडे, काही तर समुद्रापार निघून गेली. पुढे पहिल्या महायुद्धानं तरुण नेले. इथल्या कुठल्याही खेड्यात चर्चजवळच्या स्मारकावरची नावं मोजावीत आणि मग गावातली घरं मोजावीत. आज जिल्ह्यात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहतात. शांत रस्ता म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याच्यामागे असा इतिहास आहे. तो ठाऊक असेल तर इथून सायकल चालवताना नजर वेगळी होते, असं मला वाटतं.

लॉट जिल्ह्यातल्या अनेक वाटांपैकी एकच निवडायची झाली, तर मी सेले नदीच्या काठची निवडेन. सेले ही लॉट नदीची उपनदी. कांतालच्या डोंगरात उगम पावते, फिजाक शहराला वळसा घालते आणि मग चुनखडीच्या पठारात खोल दरी कोरत पश्चिमेला जाते. फिजाकच्या बाहेर थोडं अंतर मोठ्या रस्त्यानं गेलं की डाव्या हाताला डी-41 क्रमांकाचा जिल्हा रस्ता फुटतो. तो नदीची साथ शेवटपर्यंत सोडत नाही. फिजाकपासून सेले-लॉटच्या संगमापर्यंत पन्नासएक किलोमीटर, आणि उतार नदीच्या बाजूनं, म्हणजे आपल्याच बाजूनं. डावीकडे मक्याची शेतं, अक्रोडाची झाडं, पॉपलरच्या रांगा. उजवीकडे करडे-पिवळसर कडे, कधी दूर, कधी थेट डोक्यावर.

निघण्याआधी फिजाकला अर्धा दिवस द्यावाच. इजिप्तची चित्रलिपी 1822 मध्ये उलगडणारा शाँपोलियाँ 1790 साली या गावात जन्मला. त्याच्या घराला लागून लिपींचं संग्रहालय आहे. मागच्या छोट्या चौकात रोझेटा शिळेची प्रचंड मोठी प्रतिकृती जमिनीवर आडवी मांडली आहे. काळ्या दगडाची ही कलाकृती अमेरिकन कलावंत जोसेफ कोसुथची, 1991 सालची. शिळेवरच्या तिन्ही लिपींवरून लोक चालत जातात, मुलं त्यावर उड्या मारतात. फिजाकमध्ये शनिवारी बाजार भरतो. तिथून रोकामादूर नावाचं शेळीच्या दुधाचं चीज घ्यावं. जेमतेम 35 ग्रॅमची ती चकती ताज्या पावाबरोबर दुपारचं जेवण होऊन जाते.

दरीत शिरल्यावर पहिलं थांबावंसं वाटणारं गाव एस्पान्याक. जुन्या मठाभोवती वसलेल्या या गावातल्या चर्चचा घंटामनोरा वरच्या भागात लाकडी चौकटी आणि विटांचा आहे. दगडी मनोऱ्यांच्या या मुलखात तो एकदम वेगळा दिसतो. स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेल्या यात्रेकरूंची एक वाट याच दरीतून जाते, त्यामुळे पाठीवर बोचकं घेतलेली माणसं रस्त्यात भेटत राहतात. आपण सायकलवर असलो तरी ती हात वर करून अभिवादन करतात, आणि आपणही करायचं.

पुढे ब्रँगच्या आसपास कड्याकडे मान वर करून पाहिलं तर उभ्या खडकात भिंती दिसतात. खिडक्या आहेत, दार आहे, पण तिथवर जायला वाट दिसत नाही. नैसर्गिक कपारीला पुढून भिंत घालून केलेल्या या गढ्यांना सगळीकडे ‘इंग्रजांचे किल्ले’ म्हणतात. शंभर वर्षांच्या युद्धातल्या इंग्रज टोळ्यांच्या आठवणीनं हे नाव चिकटलं असलं, तरी यातल्या कित्येक गढ्या त्याआधीच स्थानिक सरदारांनी बांधलेल्या होत्या. किल्ले पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला इथे डोळ्यांनीच वाट शोधत बसायचा मोह आवरत नाही.

मार्सियाकला बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, निम्मा उभा, निम्मा पडलेला. छत गेलेल्या भागात आता गवत आणि आकाश आहे, उरलेल्या भागात अजून प्रार्थना होते. रोकामादूर हे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र एके काळी या मठाच्या मालकीचं होतं. तिथे यात्रेकरूंची रीघ लागल्यावर ट्यूलच्या मठानं त्यावर हक्क सांगितला, दोन्हीकडचे साधू वर्षानुवर्षं भांडले, आणि 12व्या शतकात मार्सियाकनं हक्क सोडला. प्लेनच्या झाडांखाली, नदीला लागून बसायला जागा आहे. दुपारचं ऊन इथे काढावं.

अंगात जोर असेल तर मार्सियाकहून उत्तरेला वर चढावं. दरीतून पठारावर जाणारे हे वळणावळणाचे चढ फार लांब नाहीत, पण पायांना चांगलेच जाणवतात. वर पोचलं की प्रदेश बदलतो. पाणी संपतं, कारण पाऊस चुनखडीच्या भेगांतून थेट खाली जातो. खुरटे ओक, जुनिपरची झुडपं, आणि मैलोन्‌मैल दगडी बांध. शेतातले दगड वेचून वेचून पिढ्यांनी हे बांध रचले, त्याच दगडांतून चुन्याशिवाय गोल झोपड्याही उभारल्या. इथली मेंढी पांढरी आणि तिच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, थेट चष्मा लावल्यासारखी. रात्री पठारावर मुक्काम केला तर आकाशासाठी उशिरापर्यंत जागावं. वस्ती इतकी विरळ आहे की शहरी उजेड जवळपास नाहीच, आणि फ्रान्समधल्या सर्वांत काळोख्या आकाशांमध्ये या भागाची गणना होते.

काब्रेरे गावाच्या वर पेश मेर्लची गुहा आहे आणि या वाटेवरचा सर्वांत मोलाचा थांबा तोच. गावच्या पाद्र्यानं, लमोझीनं, गुहा शोधण्याचा नाद मुलांना लावला होता. 1922 मध्ये दोन किशोरवयीन मुलं अरुंद बोळातून सरपटत आत गेली आणि त्यांना चित्रांच्या दालनांत पोचायची वाट सापडली. ठिपकेदार घोड्यांची जोडी, त्यातल्या एकाचं डोकं खडकाच्या नैसर्गिक आकारातच बसवलेलं, आणि भोवती रंग फुंकून उमटवलेले माणसाचे हात. ही चित्रं सुमारे 29,000 वर्षं जुनी आहेत. मूळ चित्रांसमोर उभं राहता येतं, अशा आता थोड्याच गुहा उरल्या आहेत. इथल्या चित्रांचं रक्षण व्हावं म्हणून दिवसाला 700 लोकांनाच आत सोडतात, तेव्हा तिकीट आधी काढून ठेवावं. 1952 मध्ये कवी आंद्रे ब्रेतोंनं चित्र खरं की खोटं हे पाहायला त्यावर बोट घासलं होतं, आणि त्याबद्दल त्याला न्यायालयात दंड झाला. हा दंड योग्यच होता.

संगमानंतर लॉट नदीच्या कड्यावर टांगल्यासारखं सँ-सीर-लापोपी दिसतं. ब्रेतों दर उन्हाळ्यात तिथे राहत असे. गाव देखणं आहे, यात वाद नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गाड्यांची आणि माणसांची इतकी दाटी होते की सकाळी आठच्या आत पाहून निघावं हे बरं. त्यापेक्षा जवळच्या बूझिएसला सायकल ठेवून नदीकाठची जुनी ओढवाट पायी पाहावी. 1840 च्या दशकात कड्याच्या पोटात ती कोरून काढली, वाइननं भरलेल्या होड्या दोरानं ओढून नेता याव्यात म्हणून. खडकावर छिन्नीच्या खुणा अजून स्पष्ट आहेत.

आता चालवण्याबद्दल. वाहतूक उजवीकडून, हे लक्षात राहतं, पण गावांत उजव्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम विसरला जातो. खुणेचा फलक नसेल तर तोच नियम लागू. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीनं दीड मीटर अंतर ठेवायचं असं कायदा सांगतो, आणि या भागातले चालक ते बहुधा पाळतात. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. पाणी संपलं तर दफनभूमी शोधावी. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो, पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना तेवढं पाहावं. दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, सोमवारी अनेक बेकऱ्याही बंद. उन्हाळ्यात ‘ग्राव्हियों’ असं लिहिलेला फलक दिसला तर वेग कमी करावा. पुढे डांबरावर नुकतीच बारीक खडी टाकलेली असते आणि वळणावर चाक घसरतं. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम, जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

गिअरची सायकल हवीच. तिच्यासाठी सर्वांत जास्त भांडला तो सँ-एतिएनचा पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसियो’ या नावानं लिहिणारा. 1887 मध्ये त्यानं सायकलस्वारांचं मासिक काढलं आणि डोंगरात स्वतः चढून बदलत्या गिअरचा फायदा दाखवत राहिला. तूर द फ्रान्समध्ये मात्र डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळायला 1937 साल उजाडावं लागलं. स्पर्धेआधी भटक्यांनी ही गोष्ट आपलीशी केली.

त्या भटक्यांच्या परंपरेशी महाराष्ट्राचंही नातं जुळलं आहे. पुणे, मुंबई, नाशिकचे सायकलस्वार 200 ते 600 किलोमीटरच्या ज्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सहली, करतात, त्यांची नियमावली पॅरिसच्या ओदाक्स क्लबची. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला, म्हणजे सुमारे 1200 किलोमीटर 90 तासांत, यातले अनेक जण जातात. त्या राइडमध्ये वेळेचं बंधन डोक्यावर असतं आणि बराच प्रवास रात्रीचा. फ्रान्सपर्यंत सायकल नेलीच आहे तर नंतरचे तीन-चार दिवस लॉटसाठी राखावेत, अशी त्यांना मनापासून विनंती.

बूझिएसहून काओर तीसएक किलोमीटर, नदीच्या बाजूनंच. काओरला 14व्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल आहे, आणि पॅरिस-तुलूझ मार्गावरचं रेल्वे स्टेशन त्याच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. पॅरिसच्या गाडीत सायकलसाठी जागा वेगळी आरक्षित करावी लागते आणि उन्हाळ्यात ती लवकर भरते. परतीचं तिकीट म्हणूनच निघण्याआधी काढून ठेवावं.