प्रक्षेप्य गती : प्रायोगिक अभ्यास

प्रारंभिक वेग देऊन सोडल्यानंतर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली जाणाऱ्या पदार्थास प्रक्षेप्य म्हणतात. हवेचा रोध उपेक्षणीय असल्यास त्याची क्षितिजसमांतर गती एकसारखी राहते, उभी गती प्रवेगयुक्त असते आणि या दोन्ही परस्परांपासून स्वतंत्र असल्याने त्याचा मार्ग अन्वस्ताकार होतो. गॅलिलीओ यांनी हे १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. तत्पूर्वी उतरणीवरून घरंगळणारा गोळा मेजावरून खाली पडू देऊन त्यांनी केलेल्या मोजमापांच्या हस्तलिखित नोंदी उपलब्ध आहेत.

हाच प्रयोग अल्प खर्चात करता येतो. मोठ्या बेअरिंगमधील पोलादी छर्रा त्यास उत्तम. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या कारखान्यांच्या वस्तीत तो सहज मिळतो. मेजावर उतरती पट्टी बसवून तिचे खालचे टोक मेजाच्या कडेशी काटेकोरपणे आडवे करतात, कडेखालील बिंदू ओळंब्याने जमिनीवर निश्चित करतात आणि छर्रा पडेल तेथे पांढऱ्या कागदावर कार्बन कागद ठेवतात. एकाच उंचीवरून दहा वेळा छर्रा सोडून उमटलेल्या ठिपक्यांच्या अंतरांची सरासरी काढतात. ठिपके फार विखुरल्यास बहुधा छर्रा सोडताना हाताचा धक्का लागलेला असतो.

मेजाची उंची ८० सेंमी. व पट्टीवरील उतार २० सेंमी. असल्यास ऊर्जेच्या अक्षय्यतेनुसार पल्ला या दोन उंचींच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या दुप्पट, म्हणजे ८० सेंमी. यावा. प्रत्यक्षात तो ६८ सेंमी.च्याही किंचित आत येतो. ही तूट घर्षणामुळे किंवा हवेमुळे येते असे विद्यार्थी लिहितात. ते बरोबर नाही. छर्रा घसरत नसून घरंगळतो व स्थितिज ऊर्जेचा २/७ भाग त्याच्या परिभ्रमणात जातो. त्यामुळे वेग सु. १५ टक्क्यांनी घटतो. पट्टीला खाच असून छर्रा तिच्या दोन कडांवर टेकत असेल, तर तूट आणखी वाढते.

पल्ल्याच्या या सूत्रात गुरुत्वीय प्रवेग येत नाही. कोल्हापूर येथे तो सु. ९·७८ मी./से.२ असला, तरी केवळ पल्ला मोजून तो काढता येत नाही. त्यासाठी पतनाचा काल मोजावा लागतो. ८० सेंमी. पतनास सु. ०·४ से. लागतात.

लक्ष्य प्रक्षेपणस्थानापेक्षा उंच असल्यास प्रश्न बदलतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्यावर तोफांचा मारा केला. गड भोवतालच्या सपाटीपेक्षा सु. ४०० मी. उंच आहे. तेवढी उंची गाठण्यासाठी सरळ वर जाणाऱ्या गोळ्यालाही निदान ८८ मी./से. वेग हवा. तिरप्या माऱ्यास तो अधिक लागतो आणि हवेच्या रोधामुळे आणखी वाढतो.